वर्ना टकेटचा परवाना

चौथ्यांदाही ठसा उमटला नाही तेव्हा शेरिफच्या ऑफिसातला हवालदार वैतागला. "बाई, तुमच्या बोटांवर रेषा शिल्लक आहेत का?"

"एकोणीस वर्षं शाळेच्या खानावळीतली पातेली घासलीत," वर्ना म्हणाली. "त्यांच्यावर शोधा."

तो हसला. त्यानं तिला बोटांना मलम चोळायला लावलं आणि पाचव्या खेपेला ठसे आले. तिला गाडीतून मीच घेऊन गेले होते.

मी इर्मा. ड्वेन होस्टेटरच्या ऑफिसात टायपिंग करते, गाडीही चालवते. घरावर कर्ज देण्याआधी बँकेला त्या घराची किंमत ठरवणारा परवानाधारक लागतो, आणि आमच्या काउंटीत तो एकटा ड्वेन. वर्ना अडीच वर्षं त्याच्या हाताखाली उमेदवारी करत होती. घरं मोजायची ती, तळघरात वाकून भिंतींच्या भेगा पाहायची ती, अहवालही तीच लिहायची. सही ड्वेनची. त्याचे गुडघे गेले तेव्हापासून तो गाडीतून उतरतसुद्धा नसे. परवाना मिळाला की वर्ना स्वतःची पाटी लावणार होती. न्हाव्याच्या दुकानाशेजारची खोलीही तिनं बघून ठेवली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या नावाच्या पाटीचं केवढं अप्रूप असतं!

परवान्यासाठी लागणारे ठसे झाले, राहिला अर्ज. त्यात विचारलं होतं, कधी गुन्हा कबूल केला आहे का? वर्नानं केला होता. ती बावीस वर्षांची असताना नवऱ्यानं तिला बर्फात घराबाहेर काढून आतून कडी लावली, तेव्हा तिनं त्याच्या ट्रकच्या सगळ्या काचा फोडल्या. न्यायाधीशानं कबुली घेतली, वर्षभर तिला नजरेखाली ठेवलं आणि मग खटलाच काढून टाकला. आता तुझ्या नावावर काही नाही, असं तो तिला म्हणाला होता. आमच्याकडे अशी पुष्कळ माणसं आहेत, आणि सगळी हेच धरून चालतात.

तरी तिनं ड्वेनला विचारलं.

"खटला काढून टाकलाय ना?" ड्वेन म्हणाला. "मग 'नाही' लिही. बायकांना ना, कबुल्या देत सुटायची भारी हौस."

अर्ज मी टाइप करत होते. प्रश्नाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की खटला नंतर काढून टाकला असला तरी 'होय' लिहावं. मी ड्वेनकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याच्या हाताखालून उमेदवारांचे कितीतरी अर्ज गेले होते, त्याला ती ओळ पाठ असणार.

"टाइप कर, इर्मा," तो म्हणाला.

मी केलं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि त्याच्याशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. मला भित्री म्हणा, मी आहेच.

ठशांवरून ट्रकच्या काचांचा तो जुना खटला निघाला. सुनावणीला वर्ना बहिणीचा निळा कोट घालून गेली. परवाने देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई अगदी गोड आवाजात बोलल्या.

"काचा फोडल्यात त्याचं आम्हाला काही नाही, मिसेस टकेट. 'होय' लिहिलं असतंत तर महिन्याभरात परवाना दिला असता. पण जी व्यक्ती अर्जात खोटं लिहिते, तिनं ठरवलेल्या किमतीवर बँकेनं भरवसा ठेवायचा तरी कसा?"

वर्नानं सगळं सांगितलं, ड्वेननं काय सल्ला दिला तेही. मग त्यांनी ड्वेनला विचारलं. तो काठीवर भार देत उभा राहिला.

"मी तिला इतकंच म्हणालो होतो मॅडम, खरं असेल ते लिही."

वर्ना मागे वळली. ड्वेनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं तिनं. मी दुसऱ्या रांगेत होते. मी मान खाली घालून पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

पाच वर्षं अर्ज करायचा नाही, असा निकाल झाला. पाच वर्षांनी करायचा तर पुन्हा एखाद्या परवानाधारकाची शिफारस लागणार, म्हणजे ड्वेनचीच. परतताना त्यानं वाटेत गाडी थांबवायला लावून तिला बर्गर खाऊ घातला. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाला, माझ्याकडचं काम कुठं जात नाही.

सोमवारी एल्म रस्त्यावरच्या एका घराचं काम होतं. मी गाडी लावली, ड्वेननं पेपर उघडला, वर्ना उतरली. घरमालकीणबाईंनी दार उघडलं.

"किंमत ठरवणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"नाही," वर्ना म्हणाली, आणि तिनं पायपुसण्यावर बूट नीट पुसले. "ते गाडीत बसलेत."