अंगठा दिलेलं घर

जर्कासीने बूट काढून बगलेत धरले आणि फळीवर पाय टाकला. घर त्याच्या बाजूला कललं. चुलीवरचं झाकण वाजलं.

"जाडा झालास," आतून आर्बाया म्हणाली. "पूर्वी येऊन भात खाऊन गेलास तरी कळायचं नाही."

"कचेरीत बसून काम असतं, मावशी."

"दिसतंय की तुमचं बसून केलेलं काम." तिने हनुवटीने बाहेर दाखवलं.

बाहेर काठाला सिमेंटचा रुंद ओटा झाला होता. रंगीत दिवे, कठडा, ओळीने बाकं. नदी बघायला बाकं. मार्तापुरा नदीवर ओंडक्यांवर तरंगणाऱ्या घरांची इथे रांग होती. ती एकेक करून ओढून नेली आणि फोडली. नदीवर राहणाऱ्यांना हाकलायचं आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला नदी बघायला बसवायचं, याला कागदोपत्री नदीकाठाचं पुनरुज्जीवन म्हणतात. मेलं काय होतं, ते कुणी लिहिलेलं नाही.

रांगेतलं आर्बायाचं घर तेवढं राहिलं होतं. ते फोडायचं नव्हतं. चूल, चटई, मच्छरदाणीसकट ओट्याला बांधून पाहुण्यांना दाखवायचं होतं. आर्बायाला गावाबाहेरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली होती. दर रविवारी कचेरीची गाडी तिला घेऊन येणार होती. पानांची रुंद टोपी घालून तिने होडीत बसायचं, फळं विकायची. कुठे, तर स्वतःच्या घरासमोर. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला त्या वर्षी बढती मिळाली.

ओढून नेणारी बोट आली होती. बोटवाला इंजिन बंद करून सिगरेट ओढत बसला होता.

वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. कठड्यावर मस्निया ओणवी झाली होती. पूर्वीची शेजारीण, आता चौथ्या मजल्यावरची.

"आर्बाया, दोन जुड्या टाक भाजीच्या! आणि आज येतेस ना गं राहायला? ये बाई लवकर. तिथे काही हलतच नाही. झोपेत दचकते मी, वाटतं घर तळाला टेकलं."

"तू चढलीस तेव्हाच टेकलं असेल."

"जळो तुझी जीभ! घेतलं गं, भाजी घेतली!"

"विकलं!" आर्बाया ओरडली आणि टोपली वर गेली.

जर्कासी बुटांकडे बघत राहिला. त्याचा जन्म याच रांगेतला, तिसऱ्या घरातला. मिरची घ्या नाहीतर होडी घ्या, घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं आणि देणाऱ्याने विकलं म्हणायचं. दोन्ही शब्द पडले की वस्तू तुमची. एकदा तो शब्द न घेताच केळी उचलून आला होता, तर आईने शिजवलेला घास त्याच्या हातातून काढून त्याला परत पाठवलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "तेवढं एकदा म्हणून टाका."

"काय म्हणू?"

"नेहमीचं."

आर्बायाने पातेलं उतरवलं. "कागदावर अंगठा दिला ना मी?"

"दिलात."

"पैशांचं पाकीट घेतलं ना?"

"घेतलंत."

"मग? साहेबाचं काम झालं की."

"साहेब बाहेरगावचा आहे. त्याला हे माहीत नाही."

"पण तुला माहीत आहे." ती हसली. "म्हणून सकाळी सकाळी आलास होय! मला वाटलं, मावशीला निरोप द्यायला आलास."

"तुम्हाला विकायचं नव्हतं, तर पाकीट घ्यायचं नव्हतं."

"शेजारच्या रुस्मीनने नाही घेतलं. त्याचं घर राहिलं का? फुकट फोडलं तुम्ही." तिचा आवाज चढला नाही. ती चटईवरचा भाताचा दाणा टिपत होती. "अंगठा मागितलात, अंगठा दिला. जीभ कुणी मागितली नव्हती."

"मी मागतोय आता."

"तू कोण?"

जर्कासीने बूट दुसऱ्या बगलेत घेतले. तो खरंच कोण होता? बोटवाल्याने बाहेरून हाक मारली, ओहोटी लागेल म्हणाला. आर्बायाने कपड्यांचं बोचकं होडीत ठेवलं, संत्र्यांची टोपली ठेवली, आणि दोर स्वतःच्या हाताने सोडले. घर वळलं. इतकी वर्षं नदीकडे असलेलं त्याचं तोंड काठाकडे झालं. होडीत बसून तिने ते बघितलं आणि वल्हं मारलं.

"घेतलं, मावशी!" जर्कासी फळीवरून ओरडला.

होडी पुढे गेली.

रविवारी उद्घाटन होतं. ओट्यावर मांडव, खुर्च्या, केळीच्या पानात बांधलेली मिठाई. कठड्याखाली नव्या टोप्यांच्या रांगेत आर्बाया बसली होती. टोपीला कचेरीने रिबीन लावली होती, ती तिने चाकूने कापून संत्र्यांच्या टोपलीला बांधली होती.

फोटो काढायला पुष्कळ लोक येत होते. एका बाईने दोन संत्री उचलली, नोट होडीत टाकली आणि फोनवर बोलत चालू लागली.

"विकलं हो!" आर्बाया मागून ओरडली. "विकलं! बिनधास्त खा!"

शेजारच्या होडीतली म्हातारी म्हणाली, "तिने घेतलं कुठे म्हटलं?"

"तिला कुणी शिकवलं नाही, त्यात तिचा काय गुन्हा? पोराबाळांच्या पोटात जायचंय ते."

ओट्याला बांधलेल्या घराच्या दाराला लाल फीत लावली होती. जर्कासीच्या गळ्यात किल्ली होती. देखरेखीला त्यालाच नेमलं होतं, नदीवरचा माणूस म्हणून. साहेबाने फीत कापली, टाळ्या झाल्या. जर्कासीने कुलूप काढलं.

"चला," साहेब म्हणाला.

जर्कासी हलला नाही. आत चूल दिसत होती, चटई होती, खुंटीला तिचा जुना पंचा तसाच होता. कुणीतरी चुलीवर प्लॅस्टिकचा मासा ठेवला होता.

"काय झालं? फळी तुटलीय का?"

"नाही, साहेब."

त्याने बूट काढले. मग दाराकडे पाठ केली, कठड्यापाशी गेला आणि खाली वाकला.

"मावशी," त्याने विचारलं, "पाहुणे आलेत. आत येऊ का?"

साहेब हसला, कारण लोक बघत होते. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग, आणि दोघातिघांनी फोन वर धरले.

आर्बायाचं एक गिऱ्हाईक चालू होतं. तिने संत्री मोजून पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, शब्द घेतला, शब्द दिला. टोपी मागे सारली. आधी घराकडे बघितलं, मग दारातल्या चकचकीत बुटांकडे.

"ये," ती म्हणाली. "पण सगळ्यांना पाय धुवायला सांग."