रेघेवरचा बॉल

लेन ऑर्मरॉड चौथ्या फेरीत पोचला तेव्हा कुठे क्लबातल्या लोकांनी त्याचं नाव नीट उच्चारायला घेतलं. तोवर तो 'उत्तरेकडचा तो गॅसवाला' होता. ओल्डहॅममध्ये दारोदार फिरून गॅसचे मीटर वाचायचे ही त्याची नोकरी. उन्हाळ्यात बिनपगारी रजा काढायची आणि टेनिस खेळायचं. त्या काळात जिंकणाऱ्याला चषक मिळायचा, टाळ्या मिळायच्या, पगार नाही. खेळ हौशी माणसांचा होता, आणि हौस कुणाला परवडते हे विचारायची रीत नव्हती.

गवतावरची ती स्पर्धा म्हणजे टेनिसची काशी, असं तिथले सभासद मानायचे. मानेनात का. पण त्या काशीत कपडे बदलायच्या खोल्या दोन होत्या. नामवंत खेळाडू आणि सभासद वरच्या खोलीत, तिथं गालिचा आणि गरम पाणी. बाकीचे खाली. लेन चौथ्या फेरीपर्यंत खालीच कपडे बदलत आला होता. तिथल्या टॉवेलांना ओल्या कुत्र्याचा वास यायचा.

सामन्याच्या आदल्या दिवशी चहाच्या तंबूत मेजर क्लेव्हरिंगनं त्याला बाजूला घेतलं. मेजर निवड समितीचा प्रमुख. देशाच्या संघात एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर डोळा असलेले दोघे, लेन आणि ह्यू पेनरडॉक, उद्या एकमेकांसमोर उभे राहणार होते.

"ऑर्मरॉड," मेजर म्हणाला, "उद्या जिंकेल त्याचं पारडं जड, हे तर उघडच आहे. पण आम्ही नुसतं जिंकणं बघत नाही. माणूस कसा आहे, तेही बघतो. परदेशात देशाचं नाव घेऊन जायचं असतं."

"हो, साहेब."

"परवा ह्यूनं काय केलं, पाहिलंस ना?"

पाहिलं नसतं तरी कळलंच असतं, कारण सगळ्या पेपरांत तेच होतं. तिसऱ्या फेरीत रेषेवरच्या पंचानं पेनरडॉकच्या बाजूनं चुकीचा कौल दिला. पेनरडॉक काही बोलला नाही. पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्यानं मुद्दाम जाळीत घातल्या आणि फुकटचा पॉइंट परत करून टाकला. लोक उभे राहिले. एका पेपरानं तर लिहिलं की असल्या माणसांमुळेच आपण युद्ध जिंकलो.

लेननं हे सगळं विनीला सांगितलं. विनी त्याची मोठी बहीण, सूतगिरणीत कामाला. भाऊ मोठ्या कोर्टावर खेळणार म्हणून ती रात्रीच्या गाडीनं आली होती, आणि भाड्याच्या खोलीत पलंगावर मांडी घालून पावाला मटणाचा लगदा फासत होती.

"दोन सेट वर होता ना तो?" विनी म्हणाली. "तिसऱ्यातही पुढे?"

"होता."

"मग दिला एक. माझ्याकडे दहा पाव असले तर मीही एक देईन, आणि वर फोटो काढून घेईन."

"विनी, तुला त्यातलं कळत नाही."

"मला एवढंच कळतं, लेन्या, की उद्या तू असलं काही करायचं नाहीस. तुझ्या अंगात येतं ते अधूनमधून."

"काय येतं?"

"साहेब दिसला की टोपी काढायचं."

लेन चिडला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सामना लागला तो दुपारी, आणि संध्याकाळ झाली तरी संपेना. पेनरडॉक देखणा खेळायचा. उंच, सडपातळ, बॅकहँड असा मारायचा की जणू कुणाला हात पुढे करून नाचायला बोलावतोय. लेनचा खेळ बागेतल्या सिमेंटच्या कोर्टावर घडलेला. डावखुरा, बुटका, दांडगा. तो धावायचा, पडायचा, हिरवे गुडघे घेऊन उठायचा आणि पुन्हा धावायचा. त्याच्या चांगल्या फटक्यांना सभासदांच्या बाकांवरून टाळ्या पडत, पण हातमोजे घातल्यासारख्या. उभं राहायच्या जागेतून मात्र विनीचा आवाज येत होता, "घाल त्याच्या घशात, लेन्या!" आणि सभासद मान वळवून बघत होते.

दोघांनी दोन-दोन सेट घेतले. पाचव्यात लेन सहा-पाच असा पुढे गेला आणि सर्व्हिसही त्याचीच आली. चाळीस-तीस. एक पॉइंट, की सामना त्याचा, आणि संघातली ती जागाही.

त्यानं सर्व्हिस केली आणि जाळीकडे धावला. पेनरडॉकनं त्याच्या डावीकडून बाजूच्या रेघेवर सरळ फटका मारला. लेननं मान वळवली. बॉल रेघेवर पडला आणि पांढरा चुना उडाला. लेननं तो उडताना पाहिला. नजर त्याच्यावरच होती, चूक व्हायची शक्यता नव्हती.

"आउट!" रेघेवरचा पंच ओरडला.

तो पंच म्हणजे क्लबाचा जुना सभासद, नौदलातून निवृत्त झालेला कमांडर बॉस्टॉक. कित्येक वर्षं त्याच खुर्चीवर बसत आलेला, भुवया पिकलेला म्हातारा.

लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. पेनरडॉकनं चेहऱ्यावर एक रेषही हलू दिली नाही. रॅकेट काखेत मारली आणि हात पुढे करून तो जाळीकडे यायला निघाला. चांगल्या घरातला माणूस हरताना येतो तसा.

त्या क्षणी लेनच्या मनात न्याय वगैरे काही नव्हतं. प्रामाणिकपणानं त्याचा ऊर भरून आला, असं म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले, सगळं खोटं. त्याला मेजर दिसला, पहिल्या रांगेत, गुडघ्यावर हॅट ठेवून बसलेला. माणूस कसा आहे तेही आम्ही बघतो. लेनला वाटलं, हीच वेळ. या लोकांना आता दाखवावं की मीही त्यांच्यातलाच आहे. त्याला नुसतं जिंकायचं नव्हतं; त्या मूर्खाला त्यांच्यात बसायचं होतं.

पेनरडॉकच्या पुढे केलेल्या हाताकडे पाठ फिरवून तो उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचाकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बॉल आत होता, साहेब. चुना उडाला. मी पाहिलाय."

मुख्य पंचानं कमांडरकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. मुख्य पंचानं घसा साफ केला आणि पॉइंट पेनरडॉकला दिला. चाळीस-चाळीस.

मग टाळ्या आल्या. धो धो आल्या, अगदी सभासदांच्या बाकांवरूनही. लेनला वाटलं, झालं काम. त्या एवढ्या गर्दीत फक्त विनी दोन्ही हातांनी डोकं धरून उभी होती.

तो गेम गेला. पुढचा पेनरडॉकनं आपल्या सर्व्हिसवर घेतला. सहा-सात. लेनला आता टिकण्यासाठी सर्व्हिस करायची होती, पण हात जड झाला होता. टाळ्या ऐकल्यावर माणूस सैल पडतो. तीस-चाळीसवर पेनरडॉकनं तसाच फटका मारला, त्याच बाजूच्या रेघेकडे. बॉल रेघेबाहेर पडला. दोन बोटं तरी बाहेर, नुसत्या गवतावर. चुना हलला नाही.

लेननं कमांडरकडे पाहिलं. कमांडर समोर पाहत होता, दोन्ही हात मांड्यांवर, ओठ मिटलेले. एकदा सगळ्या मैदानासमोर खोटा पडलेला म्हातारा आता काही केल्या तोंड उघडणार नव्हता, आणि पंच ओरडला नाही म्हणजे बॉल आत.

लेननं पेनरडॉककडे पाहिलं. पेनरडॉकनं खांदे किंचित उडवले, म्हणजे मला इतक्या लांबून काय दिसणार. आणि आपल्या फायद्यासाठी तोंड उघडायचं नाही, हे मात्र लेनला ठाऊक होतं. ते रडणं समजलं जातं. पंचानं सामना पेनरडॉकला दिला. पेनरडॉक हात पुढे करून आला. या खेपेला लेननं तो हातात घेतला.

"खरं सांगू, ऑर्मरॉड," जाळीवरून हसत पेनरडॉक हळूच म्हणाला, "मघाशी मी छान हरत होतो. तू उगाच मध्ये आलास."

आंघोळ झाल्यावर मेजरनं त्याला वर बोलावलं. वर! गालिच्यावर उभं राहायची ती लेनची पहिली खेप.

"फार चांगला खेळलास. जागा ह्यूला जाणार, ते तुला समजलंच असेल."

"तो शेवटचा बॉल बाहेर होता, साहेब."

"तो पंचांचा प्रश्न आहे." मेजरनं पाइप झाडला. "पण खरं बोलू का? नुसता हरला असतास तर समितीत मी तुझ्यासाठी भांडलो असतो. बॉस्टॉकचं काय केलंस तू? त्या माणसानं दोन जहाजं बुडताना पाहिली आहेत. त्याला हजारो लोकांसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा केलास. तो पलीकडच्या खोलीत बसून रडतोय, बाबा."

"पण बॉल आत होता. ह्यूनं परवा तेच केलं."

"ह्यूनं कुणाला खोटं पाडलं? ह्यू बोलला का काही? पुढचा बॉल जाळीत घातला. गुपचूप. ही गोष्ट अशीच करायची असते. हे काही शिकवावं लागत नाही."

"पुढचा बॉल नव्हता, साहेब. मॅच संपली होती."

"बरोबर," मेजर म्हणाला. "मग संपू द्यायची होती."

मेजरच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. कुठल्या चमच्यानं सूप प्यायचं ते सांगावं, तसा तो सांगत होता. म्हणजे या क्लबात सगळ्यांना माहीत होतं. शेवटचा पॉइंट कुणी परत करत नाही. परत करायचे असतात ते न लागणारे. पेनरडॉकला माहीत होतं, म्हणून तो हात पुढे करून निघाला होता. कमांडरला माहीत होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत होतं. त्या टाळ्या म्हणजे जत्रेत अस्वल दोन पायांवर उभं राहिल्यावर पडतात, तसल्या होत्या.

"ऑगस्टच्या सामन्याला समोरच्या देशाचा पहिला खेळाडू डावखुरा आहे," मेजर म्हणाला. "आमच्या मुलांना सरावाला डावखुरा लागेल. येतोस? जेवणखाण, राहणं आमचं. संघाचा कोट अर्थात संघालाच."

एक शिवी लेनच्या जिभेच्या टोकापर्यंत आली होती. ओल्डहॅममधली, बापाची, चांगली ठेवणीतली.

"थँक यू, साहेब," तो म्हणाला.

फाटकाबाहेर विनी थांबली होती. तिचा आवाज बसला होता.

"काय म्हणाला म्हातारा?"

"ह्यूला घेतलं."

"ते मलाही माहीत आहे. मग एवढा वेळ काय करत होतास? गालिचा मोजत होतास?"

"सरावाला ये म्हणाला. त्यांच्यासाठी डावखुरा खेळायला."

"म्हणजे संघाचा हमाल. आणि तू काय म्हणालास?"

लेननं रॅकेटा या हातातून त्या हातात घेतल्या.

"लेन्या, मी विचारतेय. तू काय म्हणालास त्याला?"

"थँक यू म्हणालो."

विनीनं त्याच्याकडे पाहिलं. ती एकही शब्द बोलली नाही, आणि विनी बोलत नाही असं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. बस आली. ती जिना चढून वरच्या मजल्यावर जाऊन बसली. लेन तिच्यामागे गेला नाही. रॅकेटा मांडीवर घेऊन खालीच दाराजवळ बसला. बस सुटली तेव्हा त्याच्या मनात आलं, की ऑगस्टची रजा हवी तर सोमवारीच गॅस कंपनीत बोलायला हवं, सुपरवायझर चहा पीत असतो तेव्हा, कारण तेव्हा तो जरा बरा असतो. कुठल्या शब्दांत मागायची तेही तो जुळवायला लागला होता. डोक्यातून ते निघावं म्हणून त्यानं खिडकीच्या काचेवर कपाळ आपटलं. शेजारच्या बाईनं दचकून आपली पिशवी जवळ ओढली, आणि लेन तिला म्हणाला, "सॉरी, मॅडम."