खिडकीशी धरलेलं पान

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या फायली लोकांसाठी खुल्या होण्याआधी त्यातली तक्रारदारांची आणि साक्षीदारांची नावं काळ्या शाईने झाकायची, हे माझं काम. म्हणून ऑफिसात मी शाईबाई. पोलिसाचं नाव मात्र झाकायचं नाही. शाई लावली की पानाची झेरॉक्स काढायची आणि तीच बाहेर द्यायची, कारण मूळ पान उजेडाशी धरलं तर शाईखालचं नाव चक्क वाचता येतं. ही गंमत मीच एकदा जेवताना पोलिसात असलेल्या दादाला सांगितली होती. माझ्या जिभेला हाड नाही.

त्या सकाळी आलेल्या फायलीत दादाचंच नाव होतं. कोठडीत एका वेटरला इतकं मारलं, की त्याचा एक कान कायमचा गेला. सरकारने भरपाई देऊन दावा मिटवला होता. साक्ष एकाच बाईची, चौकीसमोरच्या घराच्या खिडकीतून पाहिलेली. मी तिचं नाव झाकलं, पण झेरॉक्सला उठवेना. तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. वडिलांच्या माघारी मला शिकवणारा माझा भाऊ आणि हा माणूस काही केल्या जुळेनात.

दुपारी दादा आलाच, वर्दीत. दार लोटून घेतलं. माझं नाव झाक म्हणेल, म्हणून मी नकार घोकून ठेवला होता. त्याने फक्त पाणी मागितलं. वेडी मी, उठले.

पेला घेऊन वळले तर पान खिडकीच्या काचेला लावलेलं आणि त्याचे ओठ हलत होते. मी झडप घालून ते ओढलं, कोपरा फाटला.

"ती शिंपीण होय," तो शांतपणे म्हणाला. "सहज भेटून येतो तिला."

"तिच्या दारात गेलास तर मी गप्प बसणार नाही, दादा."

"तू? माझ्याविरुद्ध?" तो हसला, लहानपणी हसायचा तसाच. पाणी पिऊन निघून गेला.

फायलीतल्या नंबरवर शिंपिणीला फोन केला, आत्ताच्या आत्ता घर सोडा म्हटलं, चूक माझी हेही सांगितलं. मग तक्रारीचा कोरा अर्ज ओढला. पान वाचणारा भाऊ आणि ते टेबलावर उघडं टाकणारी मी, दोघांचंही लिहिलं.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. तक्रारदाराची हरकत नसेल तरच नाव उघडं राहतं, तुमचं झाकून टाका, म्हणाले.

मी मार्करला टोपण लावलं. दादाला माझं नाव वाचायला खिडकीशी जावं लागू नये.