साखर उतरली हो!

बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूमसमोर सकाळी साडेनऊलाच रांग लागली होती. साथ आल्यापासून लोक एकमेकांपासून सहा फूट लांब उभं राहायला शिकले होते, पण चमत्कार म्हटला की फुटांचे इंच व्हायला वेळ लागत नाही. मास्क हनुवटीवर, हातात रिपोर्टांची फाइल आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट: "काल माझी एकशे नव्वदने उतरली!"

उतरत होती ती रक्तातली साखर. आणि उतरवत होते ऊर्जागुरू. तेही कसे, तर न विकल्या गेलेल्या एका आरामखुर्चीत रेलून. खुर्चीला 'सवलतीत' अशी चिठ्ठी अजून लटकत होती. ती काढायचं भान या महापुरुषाला कुठून असणार!

रांगेत दादाच्या मागे त्याची धाकटी बहीण उभी होती. बेकरीत केक सजवायचं काम करणारी, नाकासमोर चालणारी, पण नाकाखाली काय चाललंय तेही बघणारी. दादा बसचालक. चौदा वर्षांचा मधुमेह आणि दोन वेळची इन्सुलिनची सुई. साथीमुळे बस बंद, त्यामुळे दिवसभर बातम्या. आणि बातम्यांत रोज तेच: मधुमेह असलेल्यांनी जपा, त्यांना धोका जास्त. बिचाऱ्याची झोप उडाली. इस्पितळात जायचीही भीती, कारण तिथे म्हणे माणूस पायांनी जातो आणि पिशवीतून येतो. अशा माणसाला कोणी म्हणालं की सुई नको, इस्पितळ नको, तर तो देव भेटल्यासारखा धावतच सुटणार.

दादा नुसता धावला नाही, डेपोतल्या अकरा मधुमेही सोबत्यांना घेऊन धावला. बारा दिवस झाले, सगळ्यांच्या सुया बंद. धाकटीने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दादा तांब्यावर तांब्या पाणी पीत होता, विजारीचा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि वर म्हणत होता, "बघ, कसा हलका वाटतोय मी!"

"दादा, अरे घरी एकदा मोजू तरी."

"घरचं यंत्र गुरुजींकडे जमा केलंय. घरच्या यंत्रात नकारात्मक लहरी असतात."

खरंच, दाराशी टोपलीभर यंत्रं पडली होती. मोजणं म्हणजे संशय घेणं, असं गुरूंचं शास्त्र होतं. मोजायचं ते फक्त त्यांच्यासमोर.

दारात एक शिष्या फवाऱ्याची बाटली घेऊन उभी होती. "वनौषधी सॅनिटायझर. हात पुढे करा." साथीच्या दिवसांत दारात फवारा आला की हात पुढे करायचे, हे आता अंगवळणी पडलं होतं. त्यात विचार कोण करतो? धाकटीनेही केले. आत जाऊन बसली, बोटं एकमेकांवर घासली आणि थबकली. बेकरीतलं सॅनिटायझर हाताला गार लागतं आणि क्षणात उडून जातं. हे वाळलं, तशी बोटं चिकटायला लागली. हा चिकटपणा तिच्या हातांच्या ओळखीचा होता. केकवरची फुलं वळताना साखरेत जे घालतात, ते लिक्विड ग्लुकोज असंच बोटांना धरून बसतं. ती हातांकडे बघत राहिली.

तेवढ्यात गुरूंचं सुरू झालं. "विषाणूला काय आवडतं? साखर! तुमच्या रक्तात साखर दिसली की हा पाहुणा मुक्कामालाच येतो. आम्ही साखर उतरवतो. पाहुणा उपाशी! डॉक्टर तुम्हाला सुई देतात, म्हणजे काय देतात? गुलामी! तुमचं स्वादुपिंड झोपलंय हो. त्याला टोचू नका, त्याच्याशी बोला!"

टाळ्या. मग एकेकाच्या बोटाला सुई. (ही सुई गुलामीत मोडत नसावी.) स्पिरिटचा बोळा मात्र लावायचा नाही, त्याने लहरी मरतात. दादाचा आकडा आला पाचशे एकाहत्तर. हॉलभर हाय हाय. मग डोळे मिटून अर्धा तास स्वादुपिंडाशी गप्पा, शेवटी घंगाळातल्या 'ऊर्जित जलात' हात स्वच्छ धुणं आणि पुन्हा मोजणी. तीनशे बावन्न!

"दोनशे एकोणीस उतरली!" गुरू गरजले. "आकडा बघू नका, अंतर बघा!"

लोकांनी अंतर बघितलं. शिडीच्या पाच पायऱ्या उतरल्या याचाच आनंद एवढा, की शिडी विहिरीत उभी आहे हे कोणी पाहिलंच नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीच्याही आलं, पण निराळ्या कारणाने.

ती उठली. "गुरुजी, माझीही मोजा."

"तुम्हाला मधुमेह आहे?"

"गेल्या महिन्यापर्यंत नव्हता. बेकरीत तपासणी झाली तेव्हा ब्याण्णव होती."

शिष्येने टोचलं. तीनशे शहाण्णव.

"गुप्त मधुमेह!" गुरूंनी कपाळाला हात लावला. "बाई, वेळेवर आलात."

"उपचार नंतर करा. आधी नळावर साबणाने हात धुऊन येते. कोणीतरी सोबत चला, नाहीतर म्हणाल हिने काहीतरी केलं."

डेपोतल्या एका चालकाची बायको उठली. दोघी मागच्या मोरीत जाऊन आल्या. पुन्हा टोचलं. एक्याण्णव.

गुरू हसले. "बघा! इथल्या नळापर्यंतही माझी ऊर्जा पोहोचली!" आणि काय सांगावं, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

धाकटीने दारातली बाटली उचलून आणली. धुतलेल्या दुसऱ्या हातावर फवारा मारला, वाळू दिला आणि बोट पुढे केलं. चारशे चार.

"पाच मिनिटांत मला मधुमेह झाला, बरा झाला, परत झाला. गुरुजी, आता तुमचा हात द्या. फवारा मारते, मोजू या."

तासभर ज्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं, त्याला अचानक मौनव्रत आठवलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या दाराकडे नजर टाकली. पण तिथे ती चालकाची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"यात पाण्यात कालवलेलं ग्लुकोज आहे," धाकटी लोकांकडे वळली. "आल्या आल्या बोटांना साखर फासायची. टोचलं की ती रक्ताच्या थेंबात मिसळते आणि यंत्र घाबरवणारा आकडा दाखवतं. मग हात धुवायला लावायचे. धुतली जाते ती बोटावरची साखर. रक्तातली आहे तिथेच राहते."

दादाचा चेहरा उजळला. "म्हणजे पाचशे एकाहत्तर खोटे? माझी एवढी नाहीच?"

"नाहीच. पण दुसरा आकडा खरा आहे, दादा. आज तीनशे बावन्न. पहिल्या दिवशी हात धुतल्यावर किती होती?"

दादाने फाइल उघडली. त्याचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. एकशे अडुसष्ट. दोनशे सात. दोनशे साठ. तीनशे दहा. आणि आज तीनशे बावन्न.

त्याच दुपारी तिने त्याला इस्पितळात नेलं. तापाच्या रुग्णांची सोय वेगळ्या मजल्यावर होती. पिशवीबिशवी कुठे दिसली नाही. दिसली ती घामाने भिजलेली, चिडचिडी झालेली एक डॉक्टर. तिने दादाला आधी इन्सुलिन दिलं आणि मग भरपूर बोलणी.

"मी एवढा मूर्ख कसा गं झालो?" दादा म्हणाला.

"मूर्ख नाहीस. घाबरला होतास. घाबरलेल्याला कोणीही फसवतं."

मग त्याने फोन मागितला आणि त्या अकरा जणांपैकी त्या दिवशी न आलेल्यांना एकेक करून लावायला सुरुवात केली. काहींनी ऐकलं, एकाने शिव्या घातल्या. सातव्याच्या घरी मुलीने उचलला. ती रडत होती. "काका, बाबांना धाप लागलीय, बोलताही येत नाही. सगळे म्हणतात साथीचाच आजार आहे. गाडी बोलावलीय."

"गाडीत बसल्या बसल्या सांग, बारा दिवस इन्सुलिन बंद आहे! साखर बघा म्हणावं, आधी साखर! आणि तुला आत सोडणार नाहीत, कागदावर लिहून दे."

मुलीने लिहून दिलं. धाप साखरेचीच होती; इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्ल साचतं आणि अशीच धाप लागते. विषाणूने त्याला शिवलंही नव्हतं. चार दिवस इकडे की तिकडे असं चाललं आणि तो वाचला. कागद लिहिला गेला नसता तर साथीच्या आकड्यात आणखी एक भर पडली असती आणि ऊर्जागुरूंचं नावही पोलिसांच्या वहीत आलं नसतं.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण कोणी तुम्हाला मोजू नका, विचारू नका, औषध सोडा असं म्हणालं, की तिथेच उठा. ज्याच्याकडे खरं औषध असतं, तो तुम्हाला दहा वेळा मोजू देतो आणि अकराव्यांदा स्वतः विचारतो, आज किती आली?