तीन ग्रॅम कमी

साल १९८३. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि वजनमापं तपासायच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. दुकानोदुकानी जाऊन वजनं तोलायची, खोटी निघाली की जप्त करायची, हे माझं काम. घरात मला सगळे ‘तराजू’ म्हणत. भाचरं त्याला आत्या जोडत, एवढाच काय तो मान.

त्या वर्षी आमच्या शहरात अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरल्या. बावीस देशांची पोरं आली होती. भाले, गोळे, थाळ्या नियमात बसतात का, हे तपासायला चोख हाताचं माणूस हवं होतं. आमच्या साहेबांनी मला पाठवलं.

थाळीफेकीत माझा भाचा होता, दादाचा धाकटा. सतरा वर्षांचा, पण दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा. त्याला सगळे ठोंब्या म्हणत आणि तो खुशाल ‘ओ’ देई. दादाचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. पोराची थाळी त्यानं स्वतः घडवली होती. लाकडाचं अंग, पोलादी कडा, मधोमध दोन्ही बाजूंना पितळेच्या चकत्या. वहिनी म्हणायची, “लोकांची पोरं थाळीत जेवतात. आमचं जेवून उठलं की थाळीच भिरकावतं!”

दादाला एकच ध्यास लागला होता. बावीस देशांच्या थाळ्यांत आपली एक असावी. ठोंब्याचीही बोटं दीड वर्षात त्याच थाळीला सरावलेली. तीन आठवड्यांपूर्वी मीच ती कचेरीत तोलली होती. नियमानं दीड किलोला एक ग्रॅमही कमी चालत नाही. ती पंधराशे चार भरली, तेव्हा दादानं कचेरीभर चहा पाजला.

स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांच्या जिन्याखालच्या खोलीत मी काटा मांडून बसले. मुख्य पंच परदेशी होते, पांढऱ्या मिशांचे. आधीच सांगितलेलं बरं म्हणून मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, “यात माझा भाचा आहे.” ते म्हणाले, “मग त्याची दोनदा तोला.”

तपासणी नऊला बंद होणार होती. नऊला दहा मिनिटं असताना दादा पोराला घेऊन आला. थाळी मऊ फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडलं तर कडेत तोंड दिसेल अशी लखलखीत!

मी ती पारड्यात ठेवली. काटा हलला, डुलला आणि भलतीकडेच थांबला. मी थाळी काढली, पारडं पुसलं, परत ठेवली. चौदाशे सत्त्याण्णव.

“काय झालं?” दादानं विचारलं.

“तीन ग्रॅम कमी आहे.”

“तुझा काटा बिघडलाय.”

“सकाळपासून एकोणतीस थाळ्या तोलल्यात दादा. तुझ्यापाशी येऊनच बरा बिघडला!”

ठोंब्यानं थाळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि बापाकडे पाहिलं. “बाबा, काल संध्याकाळी तुम्ही हिला परत लेथवर चढवलीत ना? पॉलिश मारायला?”

दादाचा चेहरा उतरला. पाहुण्या देशांसमोर आपली थाळी मळकी दिसू नये म्हणून तो तासभर पॉलिश पेपर धरून बसला होता. सात ग्रॅम पोलाद भुगा होऊन जमिनीवर पडलं होतं.

“चकतीखाली शिशाचा तुकडा टाकतो,” तो घाईनं म्हणाला. “अर्ध्या तासात आलो.”

“दहा मिनिटं आहेत. वर्कशॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला.”

“मग शिक्का मार. तीन ग्रॅम म्हणजे काय गं? चिमूटभर साखर! कोण बघतंय?”

“मी बघतेय ना.”

“पोराचं नुकसान करशील?”

“दादा, काटा माझं ऐकत नाही.”

त्यानं थाळी फडक्यात गुंडाळली. “तीन ग्रॅमपुढे भाऊ हलका झाला तुला,” असं म्हणून तो निघून गेला. ठोंब्या तेवढा थांबला. “आत्या, तू नको रडूस हां. मला मग फेकता येणार नाही.” मी कुठे रडत होते! डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

तपासून झालेल्या थाळ्या मैदानात एका लाकडी घोडीवर मांडून ठेवतात आणि त्यातली कुठलीही कुणीही वापरू शकतो. माझं काम संपलं होतं, म्हणून मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. ठोंब्यानं पहिल्यांदा उचलली ती थाळी निसटून जाळीत गेली. दुसरी फेक कशीबशी शेहेचाळीस मीटर. तेव्हा एका बर्फाळ देशाचा लंबू पोरगा त्याच्याजवळ आला. त्यानं आपली तपकिरी थाळी दाखवली, ठोंब्याचा तळवा उलगडला आणि बोटं कुठे ठेवायची ते खुणांनी समजावलं. तीच थाळी घेऊन तिसऱ्या फेकीत ठोंब्या आठवा आला. शेवटच्या तीन फेका पहिल्या आठांनाच मिळतात. दार बंद होता होता घुसावं तसा तो आत शिरला.

पाचवी फेक. दीड फिरकी, आणि थाळी अशी सुटली की मैदानाचा आवाजच बंद झाला. ती खाली यायचं नावच घेईना. त्रेपन्न मीटर बारा. तिसरा क्रमांक, आणि आपल्या देशाचा त्या गटातला नवा विक्रम! त्या फेकीनं चौथ्या जागी ढकलला गेला तो नेमका लंबू. तोच पहिला धावत आला आणि ठोंब्याच्या पाठीवर धपाटे घालू लागला.

विक्रम झाला की थाळी परत तोलतात. या वेळी पंचांनी मला खोलीबाहेर काढलं आणि स्वतः काट्यावर बसले. बरोबरच होतं. बाहेर दादा उभा होता.

“कमी भरली तर?” त्यानं हळूच विचारलं.

“तर विक्रम गेला. पदकही.”

“म्हणजे सकाळी तू शिक्का मारला असतास...”

“हं.”

दार उघडलं, पंच म्हणाले, “पंधराशे सहा.” मी त्याला मराठीत सांगितलं. दादानं छाती काढली.

“सहा ग्रॅम वरचं! ऐकलंस? सहा ग्रॅम जास्तीचं ओझं घेऊन फेकलंय माझ्या पोरानं!”

आणि मग माझा दंड धरून, समोरून येणाऱ्या पाणीवाल्याला अडवून म्हणाला, “ही माझी बहीण. सकाळी माझीच थाळी बाद केली हिनं. सख्ख्या भावाची! हिच्यापुढे वशिला चालत नाही.” त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. पुढे दादानं ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, पदक मलाच मिळालंय.

लंबू गुरांचा डॉक्टर झाला. दहाबारा वर्षं ठोंब्याला त्याची पत्रं येत. पांढऱ्या मिशांच्या पंचांनी कचेरीला माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. साहेबांनी ते चौकटीत बसवून स्वतःच्या खुर्चीमागे लावलं. मी त्याच कचेरीतून निवृत्त झाले. दादानं नंतर शाळांसाठी शेकडो थाळ्या घडवल्या. तो जाऊन एकवीस वर्षं झाली. ठोंब्याचा खांदा बाविसाव्या वर्षी दुखावला. मग तो अग्निशमन दलात लागला आणि तिथे अधिकारी झाला. त्याचा विक्रम नऊ वर्षं टिकला. मोडला त्या दिवशी तो मैदानात होता, उभा राहून टाळ्या वाजवत.

वहिनी आहे. नव्वदीला टेकलीय. थाळीफेकीचे नियम तिला अजून कळत नाहीत. पण त्रेपन्न मीटर बारा म्हणजे किती, ते तिला पक्कं ठाऊक आहे, कारण स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी तिनं दादाला टेप धरायला लावून ते दारापासून मोजून घेतलं होतं. कुणी नवं माणूस घरी आलं की ती त्याला उंबऱ्यात उभं करते आणि बोट दाखवते, “तो शिंप्याचा ओटा दिसतो ना? त्याच्याही पुढे.”