रविवारी नको

सौमित्र जाऊन तीन आठवडे झाले होते. पोर्तुगालच्या एका उघड्या किनाऱ्यावर सर्फिंग करताना लाटेने त्याला वाळूवर आपटलं आणि मान मोडली. अंत्यविधी तिकडेच झाला. व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून गिरगावातल्या दोन खोल्यांत बसून आईवडिलांनी तो फोनवर पाहिला.

तेव्हापासून त्याचे वडील रघुवीर रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉप उघडायचे. त्या किनाऱ्यावर कॅमेरा आहे, दिवसभर चालू असतो. बाजूला आकडे येतात: लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वारा, भरती-ओहोटी. आधी काही कळेना. मग कळायला लागलं. रडू मात्र आलं नाही. बायको नलू रडायची, ते तिला पाणी आणून द्यायचे आणि परत खुर्चीत बसायचे.

गुरुवारी सौमित्रचा रूममेट नील याचा फोन आला.

"काका, रविवारी सकाळी आम्ही बारा जण बोर्डांवरून आत जाऊन अस्थी सोडतोय. तुम्हाला कॅमेऱ्यात दिसेल."

"रविवारी नको."

"का? तिथी वगैरे बघायचीय का?"

"तिथीचं नाही रे. शनिवारपासून लाटा मोठ्या होतायत. मध्ये सोळा सेकंद, म्हणजे लांबून जोर घेऊन येणार. त्यात सकाळी ओहोटी. पाणी उथळ, अख्खी लाट एकदम वाळूवर कोसळेल. मंगळवारी जा. समुद्र उतरलेला असेल, वाराही जमिनीवरून आहे."

"त्या दिवशी पण सोळाच होते, काका. आम्ही बघितले होते. तरी गेलो."

"माहीत आहे. मी त्या दिवसाचे आकडे काढले."

रविवारी पडद्यावर नुसता फेस होता. पाण्यात कुणी नव्हतं.

मंगळवारी नलू स्टूल ओढून शेजारी बसली. ठिपके पाण्यात शिरले, पुढे जाऊन गोल करून थांबले.

"अहो, यातला नील कुठला?"

"कळत नाही गं."

गोल मोडला. ठिपके किनाऱ्याकडे येऊ लागले.

"सगळे बाहेर आले का, बघा ना."

रघुवीरांनी मोजले. बारा. नलूने त्यांचा हात धरला होता, हे त्यांना खाली पाहिल्यावर दिसलं.

"चला, आंघोळ करून घ्या," ती म्हणाली.

ते न्हाणीघरात गेले. चार-पाच तांबे अंगावर घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, गीझर लावलाच नव्हता. पाणी गार होतं. त्यांनी पुढचा तांब्या भरला.