सफरचंदाचा श्वास

उपटलेलं गाजरसुद्धा जिवंत असतं, हे मला बावीस वर्षांत एकाही साहेबाला पटवता आलेलं नाही. धुवा, पिशवीत भरा, ते श्वास घेतच राहतं. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो, विषारी होतो. टोमॅटोला थंडी बाधली की त्याची चव जाते. आणि सफरचंद पिकताना जो वायू सोडतं, त्यानं शेजारचं गाजर कडू होतं. शीतगृहाच्या खोल्या मी सांभाळते. हे मला नाही कळणार तर कुणाला?

नवे साहेब आले ते वीज वाचवायचं डोक्यात घेऊनच. कधी जागचे हलायचे नाहीत, म्हणून आम्ही त्यांना ‘खुर्ची’ म्हणतो. खुर्चीनं तीन नंबरची खोली बंद केली आणि तिथली सफरचंदं गाजरांच्या खोलीत हलवायला सांगितली.

“साहेब, गाजरं कडू होतील. सफरचंदाच्या श्वासानं.”

“श्वास? मग घोरतं पण का ते?”

सगळे हसले. हौदावर गाजरं धुणारी माझी धाकटी बहीणही हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हसा लेको. आपटाल तेव्हा कळेल. आणि तोंडाला कुलूप लावलं.

माझी एक जुनी पद्धत आहे. धुऊन आलेल्या गाजरांच्या प्रत्येक खेपेतली एक पिशवी मी पाच नंबरच्या खोलीत वेगळी ठेवते. तिला मी साक्षीदार म्हणते. तक्रार आली की तिच्याशी ताडून बघायचं. या वेळी ती ठेवताना मला चक्क मजा वाटली.

तिसऱ्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून सगळी गाजरं परत आली. रुग्णांनी सूप थुंकलं होतं. खुर्ची पहिल्यांदाच उठली आणि तरातरा हौदापाशी गेली.

“साबण राहतो तुमचा! लोकांना साबण खायला घालता?”

“साबण नाही वापरत साहेब, नुसतं पाणी असतं,” बहीण म्हणाली.

“उद्यापासून येऊ नका.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं डोकं असं फिरलं की हातमोजे तिथंच भिरकावले. परत आलेल्या मालातलं एक गाजर उचललं, साक्षीदारातलं एक काढलं आणि दोन्ही नेऊन साहेबांच्या टेबलावर आपटली. बहिणीलाही हाताला धरून ओढत आणलं.

“खा. दोन्ही एकाच दिवशी, हिनंच धुतलेली. फरक फक्त खोलीचा.”

साहेबांनी साक्षीदारातलं खाल्लं. परत आलेल्याचा घास कचऱ्याच्या टोपलीत थुंकला. कान लाल झाले.

“सफरचंदं आत्ताच्या आत्ता हलवा,” ते म्हणाले. बहिणीला म्हणाले, “तुम्ही या उद्या. चूक माझी.” मग माझ्याकडे वळले. “पण बाई, तीन आठवडे रोज त्या खोलीत जात होतात. परत का नाही बोललात?”

“एकदा सांगितलं होतं. तुम्ही हसलात.”

“हो, हसलो. म्हणून?”

मी बहिणीकडे पाहिलं. घरी न्यायला तिनं ॲप्रन घडी करून काखेत मारला होता. तिनं टेबलावरचं कडू गाजर उचललं, तोडलं, चावून चावून गिळलं. थुंकली नाही.

“ताई, साहेबांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.”

“अगं, मी रागात...”

“साक्षीदार ठेवायला सुचलं तुला,” ती ॲप्रनची घडी मोडत म्हणाली. “गाजरं खरंच कडू होतायत, हे हौदावर येऊन मला सांगायला नाही सुचलं?”